चौथा पाय आणि अर्धे वाक्य

जगाचा इतिहास म्हणजे खुर्चीचा इतिहास होय. खुर्चीसाठी युद्धे पेटली, खुर्चीसाठी भाऊ भावाला ओळखेनासा झाला, खुर्चीभोवती राज्येच्या राज्ये फिरली. मित्रांनो, मीही एक जुनी खुर्ची आहे. माझ्याभोवती आजवर फक्त एक मांजर फिरले, आणि तेही पाठ घासायला बरी जागा सापडेना म्हणून निघून गेले.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात, उरल्यासुरल्या लाकडातून झाला. तीन पाय चांगल्या सागवानाचे. चौथ्याला सागवान पुरले नाही, म्हणून सुताराने एका फुटक्या खोक्याची फळी उचलली, तासली आणि ठोकून दिली. तो पाय केसभर आखूड निघाला. सुताराच्या बायकोने मला हलवून पाहिले. ती म्हणाली, "ही डुगडुगतेय." सुतार म्हणाला, "माणसं काय कमी डुगडुगतात? वरून पॉलिश मार. चौथ्या पायाकडे कोण बघतं?" तेव्हापासून कुणी मला निरखून पाहू लागले की चौथा पाय भिंतीकडे करावा असे मला वाटते. पण खुर्चीला आपले आपण वळता येत नाही. लाज असते आणि लपायची सोय नसते, अशी आमची जात.

त्या पायाचा आणखी एक गुण सांगायला हवा, कारण पुढचे सगळे रामायण त्यावरच घडले. बसणारा डावीकडे कलला की त्या सांध्यातून एक आवाज निघतो. तो कसला, हे मी इथे लिहिणार नाही. तुम्ही लहान आहात. एवढेच सांगते की तो लाकडाचा आहे यावर कुणाचाही विश्वास बसत नाही. आवाज माझा आणि लाज बसणाऱ्याची, असा हा जन्मभराचा व्यवहार आहे.

माझी पहिली नोकरी दातांच्या डॉक्टरांकडे, बाहेरच्या खोलीत. तिथे माणसे मला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसत. केवढे हे प्रेम, असे मला वाटे. आतून नाव पुकारले की काही जणांना तर मला सोडवत नसे. पुढे तिथे गादीचा बाक आला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. आता माझ्यावर जुनी मासिके, एक ओली छत्री आणि झाडूवाल्याचा जेवणाचा डबा बसू लागला. डबा कलला तरी मी वाजे. झाडूवाला मग झाकण उघडून भाजीचा वास घेई आणि बायकोच्या नावाने काहीतरी पुटपुटे. त्या माउलीचीही मी गुन्हेगार आहे.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त बाई मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवत. एके दिवशी त्यांनी मला वर नेले. मला वाटले, आता मी मास्तरीणबाईंची खुर्ची होणार. पण बाई जन्मात कधी बसून शिकवायच्या नाहीत. मी होते ती उदाहरणाची खुर्ची.

बाईंची रीत अशी होती. मला फळ्यासमोर ठेवायचे. एकाने माझ्यावर बसायचे आणि दुसऱ्याने त्याच्याविषयी इंग्रजीत एक वाक्य बोलायचे. साचा फळ्यावर लिहिलेला असे: 'ही इज अ मॅन हू', म्हणजे हा असा माणूस आहे की जो. पुढे जोडीचे शब्द. आयदर आले की ऑर. नाइदर आले की नॉर. नॉट ओन्ली आले की बट ऑल्सो.

"जोडीतला एक बोललात की दुसरा आलाच," बाई म्हणत. "एका पायात चप्पल घालून बाजारात जाता का तुम्ही?"

नियम दोन. वाक्य खरे असले पाहिजे, आणि ते पुरे होईपर्यंत बसलेल्याने उठायचे नाही.

एकदा बसचा कंडक्टर बसला होता. मागच्या बाकावरून एक सासूबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ही इज अ मॅन हू नाइदर स्टॉप्स द बस नॉर लुक्स बॅक." म्हणजे, हा बसही थांबवत नाही आणि मागे वळूनही बघत नाही.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, बस ड्रायव्हर थांबवतो."

"आणि घंटी कोण वाजवतं?"

"वाक्य बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "उठा."

या सासूबाई आपल्या सुनेबरोबर येत. खरे तर सून संध्याकाळची कुठे जाते हे बघायला म्हणून एकदा आल्या होत्या. बाईंनी हातात खडू दिला आणि त्या अडकल्या. दोघींची चाहूल मला आधी लागे. जिन्यावर हलकी, भरभर पावले वाजत आणि वळणावर थांबत. मग खालून जड पावले, एक पायरी, दम, पुन्हा एक पायरी. ती वळणावर पोचली की हलकी पावले पुढे निघत. मी याचा कधी विचार केला नाही. चार पाय असून ज्याला एक पाऊल टाकता येत नाही त्याने चालण्यावर मत देऊ नये.

सूनबाई वर्गात सगळ्यांत हुशार. एका दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर जागा निघाली होती, त्यासाठी ती शिकत होती. मुलाखत तोंडावर आली होती. मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला: स्वतःबद्दल सांगा. बाकी सगळे ती फाडफाड बोले, पण "आय अ‍ॅम अ वूमन हू नॉट ओन्ली" इथवर आली की तिचा आवाज विझे.

"पुढे काय म्हणू, बाई? माझ्यात काय चांगलं आहे ते कधी कुणी बोललंच नाही."

"मग आधी ऐका, मग बोला," असे म्हणून बाईंनी तिला माझ्यावर बसवले. "कोण सांगतंय हिच्याबद्दल?"

सासूबाई उठल्या. वर्ग सावरून बसला. सासू सुनेबद्दल इंग्रजीत काय म्हणणार, हे मराठीत सर्वांनाच ठाऊक होते. "हिच्या पायाला भिंगरी आहे", "घोडं लागलंय जसं मागे" ही वाक्ये जिन्यावरून रोज वर येत.

"माय डॉटर-इन-लॉ इज अ गर्ल," सासूबाई म्हणाल्या, "हू नॉट ओन्ली वॉक्स फास्ट..."

आणि थांबल्या. नुसती भरभर चालतच नाही, तर? वर्ग टोमण्याची वाट बघत राहिला. सासूबाईंनी ओठ उघडले, मिटले, पदर सारखा केला. सूनबाई एकटक त्यांच्या तोंडाकडे बघत होती. शब्द नीट ऐकू यावा म्हणून ती जरा कलली.

डावीकडे.

मी वाजले.

कंडक्टर म्हणाला, "बट ऑल्सो," आणि पुढे त्याला हसू आवरेना. मग सगळा वर्गच फुटला. सासूबाई सर्वांत मोठ्याने हसल्या आणि सुटका झाल्यासारख्या खाली बसल्या.

"खुर्चीचा आवाज होता तो," सूनबाई म्हणाली.

"हो, हो," सगळे म्हणाले. त्या 'हो'पेक्षा 'नाही' परवडले असते.

ती उठली. माझ्यावरून अर्ध्या वाक्यावर उठून गेलेली ती पहिलीच. मित्रांनो, त्या संध्याकाळी खिडक्या लावून, दिवा मालवून सगळे गेले, तरी मला माझ्या चारी पायांवर उभे राहवत नव्हते. तसेही मी तीनच पायांवर उभी होते म्हणा. दातांच्या डॉक्टरांकडे ज्यांना मी चारचौघांत खाली बघायला लावले ते सगळे मला आठवले. पण त्यांचे काही अडले नव्हते. हिचे अर्धे वाक्य अडले होते.

पुढच्या वर्गाला जिन्यावर फक्त जड पावले वाजली. वळणावर त्यांची वाट बघणारे कुणी नव्हते.

"सूनबाई कुठे?" बाईंनी विचारले.

"घरी. मुलाखतीला जात नाही म्हणते. म्हणते, माझ्यात सांगण्यासारखं एकच आहे, आणि तेही पायात."

"तुमचं वाक्य अर्धं राहिलंय."

सासूबाई फळ्याकडे बघून म्हणाल्या, "पुढचं सापडलं नाही म्हणून नव्हते थांबले मी, बाई. सापडलं होतं. पण तिच्या तोंडावर चांगलं कसं बोलायचं? इतक्या वर्षांत कधी बोलले नाही. लाज वाटली. तेवढ्यात ही खुर्ची वाजली, आणि मला बरंच वाटलं."

"हे मला नका सांगू. तिला घरी सांगा. मराठीत सांगा."

"मराठीत तर आणखीच लाज वाटते. इंग्रजीत कसं, दुसऱ्याचंच कुणाचं तरी बोलल्यासारखं होतं."

मला वाटत होते, या खोलीत लाज फक्त मला येते.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी जिन्यावर दोन्ही पावले आली. त्या दिवशी जड पावले पुढे होती आणि हलकी ओढत मागून येत होती. सासूबाईंच्या हातात चपलांचे नवे खोके होते. मुलाखतीसाठी त्यांनी सुनेला जोडी घेतली होती. सुनेला त्यांनी बाकावर बसू दिले नाही, फळ्याजवळ उभी केली. मग खोक्याचे झाकण फाडले आणि त्याची घडी घातली.

"कंडक्टर, धर जरा ही खुर्ची."

कंडक्टरने मला तिरपी केली. सासूबाई गुडघ्यावर हात दाबत, कण्हत, खाली बसल्या आणि ती घडी माझ्या चौथ्या पायाखाली सरकवली. जो पाय मी जन्मभर भिंतीकडे वळवू पाहत होते, तो सगळा वर्ग वाकून बघत होता.

"आखूड आहे होय हा," कंडक्टर म्हणाला. मग सुनेकडे बघून कान खाजवत म्हणाला, "ताई, त्या दिवशी आम्ही उगाच..." त्याचे वाक्य अर्धेच राहिले, पण त्याला बाईंनी काही म्हटले नाही.

सूनबाई बसली. सासूबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी सुनेकडे बघितले नाही. फळ्याकडे बघून, पाठ केल्यासारखे, एका दमात म्हणाल्या, "माय डॉटर-इन-लॉ इज अ गर्ल हू नॉट ओन्ली वॉक्स फास्ट, बट ऑल्सो वेट्स फॉर मी."

जी नुसती भरभर चालतच नाही, तर माझ्यासाठी थांबतेही.

सूनबाई डावीकडे कलली. मी जीव मुठीत धरला, पण पुठ्ठा होता. आवाज आला नाही.

"गर्ल नाही, वूमन," बाई म्हणाल्या, आणि त्यांना उगाच फळा पुसावासा वाटला. "बाकी बरोबर आहे. उठा."

"आई, पुन्हा म्हणा ना एकदा."

"एकदा म्हटलं ना. ऊठ आता, खुर्ची मोडशील."

दुसऱ्या दिवशी मुलाखतीत तिने तेच वाक्य स्वतःविषयी सांगितले: मी अशी बाई आहे, जी भरभर चालते आणि थांबतेही. समोरचे म्हणाले, आजारी माणसांच्या दारात आम्हाला अशीच हवी. आता ती दवाखान्यातून थेट वर्गाला येते आणि तिला उशीर होतो. जड पावले जिन्याच्या वळणावर थांबून राहतात. बाईंनी हाक मारली तर सासूबाई वर ऐकू जाईल अशा बेताने सांगतात, "येते, येते, दम लागलाय." दम तर त्यांचा केव्हाच ओसरलेला असतो.

हल्ली वर्गात माझे कौतुक होते. नवा कुणी आला की त्याला सांगतात, हीच ती खुर्ची. मला मेल्याहून मेल्यासारखे होते. मी केले काय, तर एकदा नको तेव्हा वाजले आणि एकदा पुठ्ठ्याच्या कृपेने गप्प बसले.

तरी जुन्या खुर्चीने जाता जाता काही उपदेश करावा अशी रीत आहे. मित्रांनो, कुणाविषयी बोलायला उठलात तर अर्ध्यावर खाली बसू नका. ज्याच्याविषयी बोलता तो तिथेच अडकून राहतो. माणसांना जपा, म्हाताऱ्यांना जपा, लाकडी सामानाला जपा. पण एवढे सगळे एकदम जमणार नसेल तर राहू द्या.

फरशी पुसताना तो पुठ्ठा भिजून त्याचा लगदा झाला आहे. तुमच्या घरी चपलांचे रिकामे खोके असेल, तर त्याचे झाकण तेवढे पाठवून द्या. आणि ते येईपर्यंत, कृपा करून, उजवीकडे कलून बसा.