रविवारची धार

वस्तऱ्याच्या मुठीची एक बाजू पिवळी होती आणि दुसरी जरा जास्त पिवळी. जास्त पिवळी ती अंगठ्याची. चाळीस-पन्नास वर्षं रोज सकाळी एकच अंगठा तिथे टेकत आला होता. तिने आपला अंगठा तिथे टेकवून पाहिला. तो बरोबर बसला आणि तिला उगाचच बरं वाटलं… मग आपण पन्नाशी उलटलेली बाई आहोत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओला दगड मांडून बसलो आहोत आणि अकरा वाजता भाऊ गाडी घेऊन येणार आहे, हे सगळं एकदम आठवलं.

भाऊ बाबांना न्यायला येणार होता. ‘चार दिवस तिकडे,’ असं सगळेच म्हणत होते, पण बॅगेत थंडीचे कपडेही भरले होते, तेव्हा ते चार दिवस केवढे असणार हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता. भावाचं घर तळमजल्यावर, तिचं तिसऱ्यावर, आणि बाबांच्या गुडघ्यांनी जिन्याशी केव्हाच फारकत घेतलेली. यात भांडायला जागा नव्हती. तिने शोधून पाहिली होती. बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून कोपऱ्यावरचा सलूनवाला घरी येऊन त्यांची दाढी करून जायचा. तो नेमका याच आठवड्यात लग्नाला गेला. भाऊ फोनवर म्हणाला, “असू दे गं ताई, माझ्याकडे मशीन आहे.” ते मशीन तिच्या मनाला फार लागलं. बाबा या घरातून निघतील तर गुळगुळीत दाढी करून, त्यांच्याच वस्तऱ्याने, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आपण जन्मात कुणाच्या गालाला वस्तरा लावलेला नाही, ही अडचण तिला आज सकाळी दात घासताना सुचली.

धारेचं मात्र तसं नव्हतं. धार तिची होती. आणि धारेवरूनच तिला बाबांशी एक गोष्ट बोलायची होती, चाळीस वर्षांपूर्वीची. ती आज बोलली नाही तर मग कायमचीच राहिली.

बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, गळ्याभोवती टॉवेल, गालांवर तीन दिवसांचे पांढरे खुंट. ते तिच्या हातांकडे बघत होते. पूर्वी ती त्यांच्या हातांकडे बघायची.

तिने दगडावर पाणी शिंपडलं. वस्तरा त्यावर आडवा झोपवला, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली, धार पुढे. ढकलायचा, टोकाला गेला की पाठीवर उलटायचा आणि तसाच परत आणायचा. धारेवर उलटला की सगळी मेहनत पाण्यात. हे ती विसरली नव्हती. हात आपला आपण चालू लागला, आणि तिने डोळे मिटून मान दगडाकडे झुकवली… कारण खरी गंमत आवाजात होती. बोथट वस्तरा दगडावर खरखरतो. मग हळूहळू ती खरखर बारीक होत जाते, सरसर होते, आणि शेवटी ती इतकी मऊ होते की असून नसल्यासारखी. तिथे थांबायचं. हे तिला बाबांनी शिकवलं नव्हतं. तिनेच बाबांना सांगितलं होतं.

…कारण बाबांना ऐकू येत नव्हतं. पत्र्याचे डबे दाबून काढणाऱ्या यंत्रापाशी ते वीस वर्षं उभे राहिले आणि चाळिशीतच कान गमावून बसले. घरात त्यामुळे फार काही बदललं नाही, फक्त आईला एकटीनेच भांडावं लागू लागलं. पण रविवारी सकाळी बाबा दगड काढायचे आणि हाक मारायचे, “माझे कान कुठे गेले?” मग मी, अकरा वर्षांची, दोन वेण्यांपैकी एकच झालेली, तशीच धावत जाऊन त्यांच्यासमोर पाटावर बसायची. ते वस्तरा ओढत. मधेच भुवया उंचावून बघत. मी मान हलवायची – नाही, अजून नाही – आणि केव्हातरी तो मऊ आवाज आला की बोट वर करायचं. झालं. माझं बोट वर गेल्याशिवाय बाबांनी कधी हात थांबवला नाही. भावाला त्यांनी पुढे दाढी करायला शिकवली, आरशापुढे उभं करून, मोठ्या समारंभाने. त्याचं मला काही वाटलं नाही. दाढी काय, कुणालाही येते. कान माझे होते.

डोळे उघडून तिने हाताकडे पाहिलं. चार-पाच फेरेच झाले असतील, आणि आवाज मऊ होता. इतक्यात? सलूनवाल्याने धार राखलेली दिसते, असं म्हणत तिने मनगटावरच्या लवेवरून पातं हलकेच फिरवलं. एकही केस तुटला नाही. सगळे आडवे झाले आणि पुन्हा उभे राहिले.

पुन्हा दगड. पुन्हा तसाच मऊ आवाज, जवळजवळ नाहीच. दगड म्हणत होता झालं, आणि मनगट म्हणत होतं छे.

तिने दगड धुतला, तेलकट झाला असेल म्हणून. पंखा बंद केला. शेगडीवर चहाचं आधण होतं, तेही बंद केलं. वस्तरा दगडावर ठेवून कान जवळ नेला, इतका की केसांची बट पाण्यात भिजली. वस्तरा ओढत होती, पुढे, मागे, पुढे… आणि कुठून तरी खूप लांबून काहीतरी घासल्यासारखं वाटत होतं, तेही वाटत होतं की आठवत होतं, सांगता येईना.

“ऐकू येत नाही ना?” बाबा म्हणाले.

बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. बाबांचा कधी शेजाऱ्यांना ऐकू जाई, कधी शर्टाच्या बटणापलीकडे जात नसे. हे वाक्य मोठ्याने आलं, म्हणून तिला नीट ऐकू आलं.

“दगड खराब झालाय,” ती त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली. ते ओठ वाचत.

“दगडाला काय होतंय. दगडच तो.” त्यांनी आपली मान एका बाजूला वाकडी करून दाखवली. “केव्हापासून बघतोय. अशी करतेस. मीपण अशीच करायचो, तुझी आई म्हणायची मानेला वारं लागलंय.”

“मला नीट ऐकू येतं, बाबा.”

“मलापण यायचं,” बाबा म्हणाले. “लोकच हळू बोलायचे.”

ती हसणार होती. पण तिला सकाळीच बाजारात गेलेला आपला नवरा आठवला. गेली दोन वर्षं तो पुटपुटायला लागला होता, आणि तिने त्याला त्यावरून अनेकदा झापलं होतं. बातम्या देणाऱ्या बायका पुटपुटत होत्या. फोन बिघडला म्हणून तिने तो दुसऱ्या कानाला लावायची सवय केली होती. आणि नोकरी कुठे, तर कॉलेजच्या ग्रंथालयात, जिथे भिंतीवर शांतता राखण्याची पाटी आहे आणि सगळं जग कुजबुजतच येतं, पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहूनच पुढे करतं. तिथे कुणाला काय कळणार. तिलाही कळलं नाही. तिने टेबलावरचा वर्तमानपत्राचा कागद उचलला, डाव्या कानाशी धरून नखाने खरडला. मग उजव्या कानाशी. मग कागद घडी करून परत जागेवर ठेवला, जसा होता तसा.

असं आहे तर.

भीती वाटायला हवी होती, ती वाटलीही, बारीकशी. पण तिच्याही आधी शरम वाटली, कान नाही तर मग या टेबलाशी माझं काय काम, अशी काहीतरी… आणि हात पुन्हा दगडावर चालू लागला होता. हाताला कुणी थांब म्हटलं नव्हतं. विसावा, पंचविसावा फेरा असेल. तेव्हा तिला दगडाची ओढ लागली. म्हणजे आतापर्यंत पातं दगडावरून नुसतं घसरत होतं, आता ते चिकटत होतं, ओली बशी काचेवर चिकटते तसं, आणि तिच्या बोटांना ते पहिल्या पेरापर्यंत कळत होतं. तिने खाली पाहिलं. पाणी इतका वेळ पात्याच्या खालून निसटत होतं. आता ते धारेवर चढून पात्यावर येत होतं, एक बारीक ओळ धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिने वस्तरा उचलून मनगटावर टेकवला. लव गेली. त्वचेला कळलंही नाही.

आवाज आला नव्हता, आणि धार लागली होती.

मग बाबांकडे वळून तिने विचारलं, आणि विचारतानाच उत्तर तिला दिसत होतं, “मग तुम्हाला कसं कळायचं?”

“काय?”

“धार लागलेली. तुम्हाला कसं कळायचं?”

बाबांनी आपले दोन्ही हात टॉवेलखालून बाहेर काढले. ते कापत होते. “कान गेले होते,” ते म्हणाले. “हात होते की.”

“मग मला कशाला बसवायचात?”

ते तिच्या ओठांकडे बघत राहिले. त्यांना कळलं नाही असं नव्हतं. कळलं की त्यांचे डोळे हलतात, आणि ते हलले होते. पण त्यांनी साबणाचा ब्रश उचलला, वाटीत फिरवायला सुरुवात केली आणि म्हणाले, “पट्ट्यावर फिरव आता. पाठ पुढे घे हां, पट्ट्यावर उलटं असतं.”

तिने खिडकीच्या कडीला चामड्याचा पट्टा अडकवला. पाठ पुढे, धार मागे. आणि तो रविवार, जो आज त्यांना सांगायचा म्हणून तिने आठवडाभर मनात जुळवून ठेवला होता, तो आता वेगळाच दिसू लागला.

खालून मैत्रिणी हाका मारत होत्या. कुणाच्या तरी मांजरीला पिल्लं झाली होती आणि ती आत्ताच्या आत्ता बघायची होती. दगड खरखरत होता, अजून चांगला खरखरत होता. बाबांनी भुवया उंचावल्या. मी बोट वर केलं. त्यांचा हात थांबला. ते माझ्याकडे बघत होते, फार नाही, एक श्वासभर. मग त्यांनी वस्तरा पुसला, पट्ट्यावर फिरवला आणि आरशाकडे गेले. मी दारापर्यंत पळाले आणि तिथे अडकले. मला दिसत होतं – गाल ओढला जात होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, हनुवटीवर लाल ठिपका, मग मानेवर दुसरा. ते मधे थांबले नाहीत. परत दगडाकडे आले नाहीत. पूर्ण दाढी केली, दोन वेळा साबण लावून. आईने विचारलं तेव्हा ‘हात घसरला’ म्हणाले, आणि तुरटीचा खडा मागून घेतला. पिल्लं मी पाहिली. ती कशी होती ते मला आजही सांगता येणार नाही. पुढच्या रविवारी बाबांनी हाक मारली, माझे कान कुठे गेले. मी गेले. बहिऱ्या माणसाला फसवलं, ही एकच गोष्ट तेव्हापासून माझ्यापाशी राहिली, आणि ती मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही.

फसवलं. कुणाला फसवलं? ज्या माणसाच्या बोटांना पहिल्या पेरापर्यंत कळत होतं, त्याला? त्यांनी जाणूनबुजून तो वस्तरा गालाला लावला. अकरा वर्षांच्या पोरीचं बोट खोटं पडू नये म्हणून.

“किती फिरवतेस,” बाबा म्हणाले. “साबण वाळला.”

ती त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांनी साबण कसाबसा लावला होता, अर्धा गालावर, अर्धा कानावर. कानावरचा तिने बोटाने पुसला. त्यांनी तिचं मनगट धरलं, जरा झोपवलं, अजून जरा. “एवढाच तिरका. उभा धरलास तर कापशील, फार झोपवलास तर केस ओढेल. दुसऱ्या हाताने कातडी ताण. वरून खाली. आणि मन दुसरीकडे ठेवू नकोस.”

आणि त्यांनी डोळे मिटले.

आता त्यांना काही सांगता येणार नव्हतं. डोळे मिटले की बाबा एकटे होत, तिथे कुणाचे शब्द पोचत नसत. तिला वाटलं, थांबवावं, खांद्याला हात लावावा, डोळे उघडायला लावून विचारावं – तुम्हाला माहीत होतं ना? तोंड उघडलंही तिने. पण ते हो म्हणाले तर? ते हो म्हणाले, की गुन्हा गेला, तो गेला तर हवाच होता. पण त्याच्याबरोबर ते सगळे रविवारही जाणार होते. मी लागत नव्हते. माझ्यावाचून काही अडत नव्हतं, एकाही रविवारी नाही… आणि तरी त्यांनी दर रविवारी हाक मारली, दर वेळी भुवया उंचावून विचारलं आणि मी बोट वर करीपर्यंत लागलेल्या धारेवर हात चालू ठेवला. यातलं काय धरायचं? तिला राग आला. बाबांचा, खरोखरचा राग. आणि त्या रागातच इतकं भरून आलं की वस्तरा गालापासून दूर धरून तिला दोन श्वास थांबावं लागलं.

मग तिने डाव्या हाताने कातडी ताणली. ती पातळ होती, बोटांखाली सहज सरकणारी. वस्तरा टेकवला आणि खाली आणला. केस तुटताना होतो तो आवाज तिला आला नाही. बोटांत मात्र एकेक खुंट येत होता, टिकटिकत. पात्याच्या मागे स्वच्छ, गुलाबी, तिने कधी न पाहिलेला असा गाल उघडा पडला. बाबांचा चेहरा हलला नाही. फक्त खुर्चीच्या दांड्यावरचे त्यांचे हात कापायचे थांबले होते, की तिला तसं वाटलं.

दुसरा गाल. मग हनुवटी. मग त्यांनी आपणहून मान मागे टाकली आणि गळा तिच्यापुढे केला.

अकरा वाजून गेले असावेत. भाऊ कदाचित केव्हाचा येऊन दाराबाहेर बेल वाजवत उभा असेल, एकदा, दोनदा, आणि आत दोघांपैकी कुणाला काही कळायचा प्रश्नच नव्हता. हे मनात आलं तेव्हा तिला वाटलं होतं त्याहून कमी वाईट वाटलं. तिने वळून दाराकडे पाहिलं नाही. गळ्याची कातडी सावकाश ताणून धरली, आणि पातं टेकवण्याआधी ते किती तिरकं आहे ते पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं.