रांगेतली माय

तारामतीबाईंना सकाळपासून घास उतरत नव्हता. उतरेल कसा? नवा लातूर जिल्हा झाला आणि इतकी वर्षं लांब असलेले शिक्षण खात्याचे साहेबलोक एकदम उशाशी येऊन बसले. आज त्यातलेच गुरुपादप्पा साहेब त्यांचा इंग्रजीचा तास बघायला येणार होते. गेल्या साली दहावीची पोरं इंग्रजीत सपशेल आडवी झाली होती. यंदाही तोच रंग दिसला तर दहावीचा वर्ग बंद, असं साहेबांनी आधीच बजावलं होतं. वर्ग बंद म्हणजे पोरांना तालुका गाठणं आलं, आणि पोरींना चूल. पोरीला रोज तालुक्याला कोण धाडतंय!

म्हणून बाईंनी अलंकार पार घोकून घेतले होते. पोरं झोपेत बरळतील इतके.

साहेब आले, खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "मेटॉनिमी म्हणजे काय?"

"एका वस्तूचं नाव घेऊन तिच्याशी जोडलेलं दुसरंच काही सुचवणं," रामकिशननं गाईडातली व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली.

"वा! आता हे वाक्य बघ. द क्राऊन ऑर्डर्ड. मुकुटानं हुकूम दिला. मुकुट बोलतो का रे?"

"हाव सर," रामकिशन छाती काढून म्हणाला.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "मग कुणीतरी तुमच्या गावातलं उदाहरण द्या."

पोरं गाईडाची पानं उलटू लागली. बाई मनातल्या मनात ओरडल्या, मेल्यांनो, एकानं तरी तोंड उघडा!

तेवढ्यात बाहेर साहेबांचा ड्रायव्हर जीप सावलीत घ्यायला निघाला. सावलीत टँकरसाठी घागरींची रांग लागलेली. त्यानं सरळ एक घागर उचलली आणि बाजूला ठेवली. झालं! खिडकीपाशी बसलेली पंचशीला ताडकन उठली.

"ओ ड्रायव्हर! माझ्या मायला कशाला उचलायलाव?"

साहेब दचकून खिडकीशी गेले. बाहेर बाई ना बापडी.

"कुठाय तुझी आई?"

"दुष्काळी कामावर गेलीय सर, खडी फोडायला."

"मग उचललं कुणाला?"

"मायला! नागुबाईच्या माघं हुती की ती."

साहेबांच्या भुवया आक्रसल्या. बाईंच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. अगं बाई! त्यांची स्वतःची घागर त्याच रांगेत 'बाई' म्हणून उभी होती. दुष्काळ पडल्यापासून गावाची हीच रीत. घागरीला बाईचं नाव, आणि दुसऱ्याच्या घागरीला हात लावील त्याची काही धडगत नाही. वर्षभर आपण गाईड धरून बसलो, आणि हे दारातच होतं!

"पंचशीला," त्या म्हणाल्या, "घागर बोलते का गं?"

"न्हाई बाई. पण घागर उभी म्हंजी माय उभी. तिचा लंबर कुणाला खाता येत न्हाई..." पोरगी मधेच थांबली. मग तिचे डोळे एवढे मोठे झाले. "बाई! मुकुट म्हंजी राजाच की वो! राजा कुठं का असंना!"

"इंग्रजीत सांग," साहेब म्हणाले.

पंचशीला साहेबांकडं वळली. "द पॉट इज स्टँडिंग, सर. बट इट इज माय मदर."

साहेब खदखदून हसले. मग काय, वर्गाचा बांधच फुटला. रामकिशन ओरडला, "सर, गावात खाकी आली म्हंजी पोलीस आला!" कुणी म्हणालं, पांढरी टोपी आली म्हणजे पुढारी. ज्याला त्याला बोलायचं होतं. बाईंनी कुणालाच गप्प केलं नाही.

साहेबांनी खिडकीतून ड्रायव्हरला हाक मारली. "अरे, त्या बाईंना त्यांच्या जागेवर नेऊन उभं कर!" आणि मग वळून म्हणाले, "बाई, वर्ग चालू राहील. आता पोरांना मार्चात पास करून दाखवा."

बाईंना रडू फुटलं. खुशाल रडल्या त्या, सगळ्यांसमोर.

दुपारी सरजाबाई कामावरून परतली तोच पंचशीला धावत सुटली. "माय, आपली दहावी ऱ्हायली! गावातच!"

खडीच्या धुळीनं माखलेली सरजाबाई लेकीकडं बघतच राहिली. मग मागून येणाऱ्या बाईंना तिनं विचारलं, "आन् बाई, म्होरं? अकरावी कुठं?"

"लातूरला!" तारामतीबाई एवढ्या जोरात म्हणाल्या, की पाण्याला जमलेल्या सगळ्या बाया वळून बघू लागल्या.