क्लचवरचा पाय

हाफिज मिस्त्रीच्या हातून गेलेली गाडी परत येत नाही, असं मी चामोर्शीतल्या माझ्या गॅरेजात बसून चारचौघांत सांगत असे. आता सांगत नाही.

प्रफुलने बोलावलं तेव्हा भर दुपार होती. मार्कंड्याच्या देवळाच्या अलीकडे त्याचं घर, मागे वांग्यांची वाडी आणि शेडमध्ये तो बुटका जुना ट्रॅक्टर. भद्रावतीच्या कुठल्याशा बंगल्याच्या बागेत गवत कापून म्हातारा झालेला. प्रफुलच्या वडिलांनी, देवाजीभाऊंनी, हौसेनं घरी आणला होता. दोन वर्षांपूर्वी त्या ट्रॅक्टरनेच त्यांना शेडच्या भिंतीशी चिरडलं.

ती गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक आहे. ट्रॅक्टर गिअरमध्ये अडकला होता. इंजिन लागताच गाडी पुढे जाऊ नये म्हणून भाऊंची बायको आशाबाई सीटवर बसून क्लच दाबून होत्या आणि भाऊ समोरून हँडल मारत होते. "मी सांगेपर्यंत पाय उचलू नको," असं ते ओरडले, ते शेजाऱ्यांनीही ऐकलं. इंजिन लागलं आणि ट्रॅक्टर पुढे झेपावला. बाईने पाय उचलला, असं गाव म्हणालं. प्रफुलही तेच म्हणाला आणि त्या दिवसापासून आईशी एक शब्द बोलला नाही. एका घरात राहून, तिच्याच हातचं खाऊन!

"क्लच चिकटून राह्यला, हाफिजभाई," प्रफुल म्हणाला. "पेडल खाली जाते अन् तिथंच राह्यते. मले वाडी नांगरायची हाय."

"जुनी गाडी हाय, गंज लागन नाई तं काय होईन?" मी म्हणालो. भुताखेतांच्या गोष्टी करणाऱ्यांचा मला तेव्हा राग यायचा.

पेडलचा दांडा घासला, ग्रीस भरलं, स्प्रिंग ओढून पाहिली. हाताने दहा वेळा दाबलं, दहाही वेळा वर आलं. झालं म्हणून मी पाना पुसायला घेतला.

आणि पेडल खाली गेलं. कोणी हात लावला नव्हता. सवयीचं माणूस दाबतं तसं सावकाश, पार तळापर्यंत गेलं. मी दोन्ही हातांनी ओढलं, पण तसूभर हललं नाही.

शेडच्या दारातून समोरची पडवी दिसत होती. आशाबाई नुकत्याच तिथे येऊन बसल्या होत्या. उजवा पाय पोटाशी घेतलेला, डावा पुढे जमिनीवर. त्या डाव्या पायाची बोटं मातीत रुतली होती. रोज रुतून रुतून तिथे खड्डा पडला होता.

"बाई, जरासा चहा मांडा ना!" मी ओरडलो. त्या उठल्या. माझ्या पाठीमागे खट्ट झालं, पेडल वर आलं. चहा घेऊन आल्या, परत बसल्या. पेडल खाली गेलं.

"ते तशीच बसते," प्रफुल दुसरीकडे बघत म्हणाला. "दोन वर्सं झाले."

भीती वाटली की मी कामात डोकं खुपसतो. ट्रॅक्टरखाली सरकलो. पेडलपासून क्लचकडे जाणारा रॉड सुटून लोंबत होता, म्हणजे पेडल दाबूनही क्लच दबणार नव्हता. पिनेच्या भोकात एका खिळ्याचं तुटकं टोक अडकलं होतं, दोनदा वाकवून गुंडाळलेलं. असा खिळा अख्ख्या तालुक्यात एकच माणूस वाकवतो. मी.

दोन वर्षांपूर्वी मार्कंड्याच्या जत्रेचे दिवस होते, कामाची झुंबड होती, पिन हाताशी नव्हती, म्हणून खिळा घातला होता. "आठ दिवस चालते भाऊ, मंग नवीन टाकतो," म्हणालो होतो. चौथ्या दिवशी भाऊ गेले. गावाने बाईंचं नाव घेतलं आणि मी खिळ्याचा विचारच केला नाही.

"काई सापडलं?" प्रफुलने विचारलं.

"गंज," मी म्हणालो आणि ते टोक खिशात घातलं. माझी जीभ झडली नाही याचंच नवल.

नवी पिन टाकली, रॉड जोडला. आता गाडीत कसलाच दोष उरला नव्हता. तरी पेडल खालीच. आम्ही दोघांनी खालून पहार घातली. पहार वाकली, पेडल नाही. मी घामाने निथळत होतो. ते कशासाठी अडून बसलंय, हे मला चांगलं कळत होतं.

मी पडवीत गेलो आणि खिळा बाईंपुढे ठेवला. "बाई, हा माह्या हातचा खिळा. हाच तुटला होता. तुमी कितीबी जोर लावला असता, तरी गाडी थांबली नसती. भाऊ माह्यामुळं गेले."

प्रफुल मागेच उभा होता. मी मार खायची तयारी ठेवली होती. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाईंनी खिळा उचलून बराच वेळ न्याहाळला. "म्हंजे मी दाबूनच होती?"

दोन वर्षं त्यांना स्वतःलाही खात्री नव्हती. मला रडू आवरेना. "दाबूनच होत्या, बाई."

त्या लेकाकडे वळल्या. "प्रफुल, तुह्या बापानं अजून सांगतलंच नाई रे. उचलू का मी पाय?"

प्रफुल तिच्यासमोर मातीत बसला आणि त्याने ते पाऊल दोन्ही हातांत धरलं.

"उचल, माय," तो म्हणाला.

तिने पाय उचलला. शेडमध्ये खट्ट झालं.