सहा भट्ट्या आणि एक यंत्र

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. मी एक जुनी भट्टी आहे, चहा वळायची. जपानमधल्या सुरुगाच्या डोंगरउतारावर मासुझावा मालकांचे कोठार आहे, तिथे माझे आयुष्य गेले. खाली मातीने लिंपलेले पोट, त्यात कोळशाचा मंद विस्तव आणि वर जाड कागद चिकटवलेले, पलंगाएवढे लाकडी ताट. अशा आम्ही सहा जणी होतो.

वसंत आला की बायका कोवळी पाने खुडून आणत. वाफवलेली ओली, हिरवीगार रास माझ्या ताटात पडे आणि माझा कारागीर उहेई बाह्या सावरून पुढे येई. दिवसभर तो ती पाने तळव्यांत घोळवी, दाबी, वळी, पुन्हा पसरी. हळूहळू पान सुईसारखे बारीक आणि चकचकीत होई. कोठारात इतकी वाफ साचे, की सहाही माणसे ढगात उभी असल्यासारखी दिसत. त्यांतला कुणीतरी गाणे धरी आणि बाकीचे त्या ठेक्यावर हात चालवत. मला वाटे, मी भट्टी नाहीच, धुक्यातून तरंगत निघालेली होडी आहे. असे वीस वसंत गेले.

एकविसाव्या वसंतात बैलगाडीतून चहा वळायचे यंत्र आले.

शेजारच्या भट्टीवरचा तोमेकिची त्याच्याभोवती फिरून म्हणाला, "काय मालक, हे जावईबापू जेवतात काय?"

सगळे खो खो हसले. पण सहा जणांचे दिवसभराचे काम यंत्राने दुपारीच उरकले, तेव्हा कुणी हसले नाही.

मालक वाईट नव्हते. मान खाली घालून ते म्हणाले, "खालच्या गावात सगळ्यांनी यंत्रं घेतली. मी मागे राहिलो तर बागच जाईल. यंत्रापाशी एकच माणूस लागतो. उहेई, तू थांब."

"थांब की!" तोमेकिचीने खुंटीवरचा पंचा ओढला. "त्याचे पाय चेपत बस."

पाच जण निघून गेले. उहेईने माझा विस्तव राखेखाली झाकला. तो पुन्हा कुणी फुंकला नाही.

उहेईची बायको ओकिनू पाने खुडायची. टोपली टेकवून ती म्हणाली, "अहो, आम्हाला आता दुप्पट खुडायला सांगितलंय. आमचं काम वाढलं आणि त्या पाचांचं गेलं. तोमेकिचीच्या बायकोला मी तोंड कसं दाखवू?"

उहेईने तिची टोपली उचलून आत नेली.

आठवड्याभराने यंत्रातून करपट वास आला. उहेईने डोळे मिटून फिरत्या पानांत हात घातला आणि तो ओरडला, "थांबवा! वरून करपतंय, आत ओलंच आहे!"

चहा वाचला. मालकांनी कपाळावरचा घाम पुसला. "तू होतास म्हणून निभावलं रे. आणखी दोन यंत्रं घेतोय. तिन्ही तूच बघ."

उहेई आपल्या तळव्यांकडे बघत राहिला. "नाही मालक. तीन यंत्रांना तीन माणसं ठेवा. नाहीतर मीही चाललो."

"अरे, मग यंत्राचा फायदा काय?"

"फायदा आहेच की. चहा तिप्पट होईल. पण मी एकटा तिन्हीकडे धावलो, तर दोन ठिकाणचा जळेल."

शेवटी मालकांनी होकारार्थी मान हलवली.

तोमेकिची रेल्वेच्या कामावर दगड वाहत होता. उहेई स्वतः जाऊन त्याला घेऊन आला, आणि त्या पाचांतल्याच जिनबेईलाही. तोमेकिची आठ दिवस उहेईशी बोलला नाही. नवव्या दिवशी आपल्या डब्यातला अर्धा मुळा त्याच्यापुढे सरकवत म्हणाला, "माझं यंत्र तुझ्यापेक्षा बरं वळतं, कळलं का?" उहेई इतका हसला की त्याचे डोळे पाणावले.

बाकीचे तिघे मात्र परतले नाहीत. दोघे बंदरावर हमाली करू लागले. तिसरा, जो गाणे धरायचा, तो कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही.

मित्रांनो, मी यंत्रावर रागावलेली नाही. म्हातारपणी उहेईचे खांदे दुखले नाहीत, ते त्या यंत्रामुळेच. गावाच्या बागाही वर, पार धुक्यापर्यंत पोहोचल्या. तुम्ही मोठे झालात की तुमच्याही हाताखाली नवनवी यंत्रे येतील. जरूर आणा. एवढेच करा, की ज्या दिवशी यंत्र दारात उतरेल, त्या दिवशी त्याला हात लावण्याआधी आपल्या माणसांना जवळ बोलवा आणि विचारा, "उद्यापासून तुम्ही काय कराल?" आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.