एकादशीच्या ताटातलं सुरकुतलेलं फळ

ये गं, अशी जवळ सरक. टाळ ठेव बाजूला. शहाणा माणूस साधं फळ खाताना कसा चुकतो, ते सांगते.

आमच्या मनवेलपाड्याच्या देवळात एकादशीला शांतारामबुवांचं कीर्तन असतं. बुवा मूळचे भुईगावचे. तिथले त्यांचे शेजारी गॉडफ्रे दर एकादशीला देवाच्या ताटासाठी राजेळी केळ्यांची फणी पाठवायचे. ख्रिस्ती माणूस, पण नेम कधी चुकला नाही. यंदा ते गेले, केळीची बागही रोगानं गेली. तेव्हा मुलगा प्लासिड घरच्या वेलीची पहिली पॅशन फ्रुटं टोपलीत घालून घेऊन आला. आमच्या घरचं काहीतरी ताटात राहू दे, एवढंच त्याचं म्हणणं.

दारातच सुधाकरराव. मंदिर समितीचे अध्यक्ष, म्हणजे हार बुवांना घालायचा आणि फोटो स्वतःचा काढायचा. असलं फळ त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, पण माहीत नाही म्हणायला जीभ जड. बंगलोरला ढिगानं खाल्लीत म्हणाले. मग सुरकुतलेली फळं शिळी म्हणून बाजूला सारली, उरलेल्यातलं तुकतुकीत एक उचललं आणि पेरूसारखा सालीसकट कचकन चावा घेतला.

तुकतुकीत असतं ते आंबट, सुरकुतलं की पिकलं. हे बंगलोरात कुणी सांगितलं नाही वाटतं. तोंड असं झालं की गाभाऱ्यातला देवही हसला असेल. वर आतला गर बघून म्हणतात कसे, "एकादशीला बेडकाची अंडी आणलीस होय रे? परदेशी फळ उपासाला चालत नाही. ने परत."

देवाच्या आधी स्वतः उष्टं करायचं आणि नियम दुसऱ्याला सांगायचा. अशा माणसाचा मला राग येत नाही, कीव येते. तीही चिमूटभर.

प्लासिड टोपली उचलायला वाकला. मग खाली बघतच म्हणाला, "काका, तुमच्या फराळाला बटाट्याचा कीस आहे ना? बटाटा हा शब्दच पोर्तुगीज आहे. तोही गलबतातूनच आलाय म्हणतात."

सुधाकररावांनी सकाळी तो कीस दोनदा वाढून घेतला होता. ते फोन आल्यासारखं करून बाहेर गेले. फोन इथे सतरंजीवर पडलेला.

बुवा चिपळ्या ठेवून उठले. काही विचारलं नाही, चाखून पाहिलं नाही. ती बाजूला सारलेली सुरकुतलेली फळं वेचली, उपरण्यानं पुसली आणि केळी ठेवायचे त्याच जागी ताटात मांडली. "गॉडफ्रेच्या घरचं आहे," एवढंच म्हणाले आणि नमन सुरू केलं.

आरतीनंतर प्रसादात मला अर्धं फळ आलं. बिया दाताखाली करकरल्या, आंबटगोड चवीनं डोळे मिटले, आणि मग असा वास नाकात भरला की मी उरलेला गर सालीतून बोटानं निपटून खाल्ला. ह्या वयात.

प्लासिड मागे खांबाला टेकून शेवटपर्यंत बसला होता. सुधाकररावांना विसरलीस तरी चालेल, बाई. देवापुढे हात जोडशील तेव्हा त्या पोराला मात्र आठव.