एका दिवसाची रजा

बाबांनी सगळी नोकरी सरकारी साहेबलोकांच्या गाडीवर काढली. साहेब आले, साहेब बदलून गेले, बाबा मात्र त्याच चाकामागे. मागच्या सीटवरचं बोलणं कानावर पडायचंच, पण घरी त्यातलं एक अक्षर सांगायचे नाहीत. कान गाडीतच ठेवून उतरायचं असतं, म्हणायचे. सांगायचे ते एवढंच, की अमक्या साहेबांनी पुराच्या पाण्यात स्वतः पाय घातले, तमक्या मॅडमनी दारात ताटकळलेल्या म्हातारीला आत बोलावून खुर्ची दिली. आणि मग लेकीकडे बघून म्हणायचे, "तूसुद्धा देशील."

लेक एका खाजगी शाळेत शिकवायची. आई तिच्या लहानपणीच गेलेली, मोठा भाऊ लग्न करून दूरच्या शहरात. बाबा निवृत्त झाले आणि अधिकारी व्हायच्या स्पर्धा परीक्षेसाठी त्यांनी तिला शाळा सोडायला लावली. घराचं मी बघतो, तू परीक्षेचं बघ, असा सरळ हिशेब. आणि खरंच त्यांनी घर अंगावर घेतलं. गाडी पुसावी तसा ओटा पुसायचे. दारात कुणी आलं की बाहेरच्या बाहेर वाटेला लावायचे. शेजारच्या काकू सहज डोकावल्या तरी ओठांवर बोट. काकू एकदा वैतागून म्हणाल्या, या घरात परीक्षेला नक्की कोण बसतंय ते एकदा ठरवून टाका.

अभ्यासिकेत बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या खेपेचे होते. ही पहिल्यांदाच बसणारी, म्हणून तिला सगळे 'पहिलटकरीण' म्हणायला लागले. तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्या दिवसापासून संध्याकाळी दार उघडताना विचारायचे, काय पहिलटकरीण, आज काय खावंसं वाटतंय?

मग बारीकसारीक चुका होऊ लागल्या. आमटीत मीठ दोनदा पडायचं. इस्त्री चालूच राहायची. एका दुपारी तर भाजीवाला बाबांचा हात धरून त्यांना घरी घेऊन आला. गल्लीबोळ तोंडपाठ असलेला माणूस मंडईच्या कोपऱ्यावर नुसता उभा होता.

"रस्ते खणून ठेवलेत सगळे," बाबा म्हणाले. "माणसाला कळणार कसं?"

रस्ता कुठेही खणलेला नव्हता. ती रोज तिथूनच जायची. तिने बाबांकडे पाहिलं आणि पुस्तकाचं पान उलटलं. परीक्षा झाली की डॉक्टरांकडे नेऊ, असं तिने मनाशी ठरवलं. तिकडे काकूंनी भावाला फोन केला होता. पण भावाकडून बाबांनी आधीच शब्द घेतला होता, की परीक्षेआधी तिला यातलं काही कळता कामा नये. असं त्या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि जो तो दुसऱ्यापासून लपवत होता.

परीक्षेच्या दिवशी बाबांनी कपाटातला जुना पांढरा गणवेश काढून अंगात चढवला. आज हे कशाला, असं तिने विचारलं, तर म्हणाले, सोडायला चाललोय ना. दोघं रिक्षाने केंद्रावर गेले. मधल्या सुट्टीत ती फाटकापाशी आली तेव्हा बाबा डबा उघडून तयार होते. तिने चार घास खाल्ले, त्यांनी संत्रं सोलून फोडी तिच्या हातावर ठेवल्या. पेपर कसा गेला हे विचारलं नाही. झालेल्या पेपरविषयी बोलायचं नाही, हे त्यांनी कुठूनतरी ऐकून ठेवलं होतं.

दुसरा पेपर संपवून ती बाहेर आली तेव्हा बाबा जागेवर नव्हते. आधी तिला वाटलं, पाणी प्यायला गेले असतील. गर्दी पांगली, पालक आपापली मुलं घेऊन निघून गेले, तरी बाबा आले नाहीत. ती दोन्ही बाजूंचे रस्ते पालथे घालून परत फाटकाशी आली. तेवढ्यात फोन वाजला. बाबांच्या जुन्या ऑफिसातून होता. त्यांच्या जागी आलेला ड्रायव्हर बोलत होता. काका इथे आहेत, ठीक आहेत, सावकाश या, म्हणाला.

ती पोचली तेव्हा बाबा साहेबांच्या गाडीची पुढची काच पुसत होते.

"मी म्हटलं राहू द्या," ड्रायव्हर खालच्या आवाजात म्हणाला. "तर म्हणाले, मुलीचा पेपर सुटायची वेळ झालीय, मळक्या गाडीतून तिला कसं न्यायचं?"

बाबांनी तिला पाहिलं आणि अदबीने मागचं दार उघडलं. ती तशीच उभी राहिली. ड्रायव्हरने साहेबांना विचारून दोघांना घरी सोडलं. बाबा पुढे ताठ बसले होते. वाटेत एकदाही त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. हा बरा होणारा नाही, म्हणाले. औषध आधी सुरू झालं असतं तर थोडे बरे दिवस हाती लागले असते. तिने मान हलवली. पुढे ते जे बोलले ते तिला भावाला नीट सांगताच आलं नाही.

निकालाच्या यादीत तिचा नंबर नव्हता. बाबांना कसं सांगायचं याची वाक्यं तिने स्वयंपाकघरात उभी राहून जुळवली आणि बाहेर आली. बाबा गणवेश घालून दारात उभे होते.

"मॅडम, गाडी तयार आहे."

जुळवलेली वाक्यं सांगायला समोर कुणी उरलंच नव्हतं.

त्यानंतर रोज सकाळी तेच. समजावून सांगितलं की बाबा घाबरेघुबरे व्हायचे, म्हणून तिने एक युक्ती काढली. आजचा दौरा रद्द झालाय, असं सांगायची. मग ते हुश्श करून टोपी काढायचे आणि दाराबाहेरच्या स्टुलावर बसायचे. तिच्यासमोर खुर्चीवर बसायचे नाहीत, तिच्या पंगतीला जेवायचे नाहीत. जेवून घ्या, असं हुकमाच्या सुरात सांगितलं तरच घास घ्यायचे. बाप-लेक एकमेकांना अहो-जाहो करत एका घरात राहू लागले.

भाऊ आणि वहिनी येऊन राहून गेले. भाऊ म्हणाला, बाबांना मी नेतो, तू पुन्हा बस. पहिल्या खेपेला कुणाचं होतं? वहिनीनेही मनापासून आग्रह केला. तिलाही ते पटत चाललं होतं. अर्ज भरायची मुदत जवळ आली होती.

अशात एका दुपारी बाबा दारावर टकटक करून आत आले. हात पुढे बांधून उभे राहिले.

"मॅडम, एक दिवसाची रजा हवी होती."

"कशासाठी?"

"मुलीची परीक्षा आहे. पहिल्यांदाच बसतेय." ते थोडे घुटमळले. "एकटी जाईल म्हणते, पण तिला सोडून बाहेर थांबलेलं बरं. आईवेगळी पोर आहे. बाहेर आल्यावर कुणी दिसलं नाही तर घाबरेल."



"हुशार आहे का हो मुलगी?"

"हुशार आहे. पण मला हुशारीचं नाही, वाईट याचं वाटतं, की माझ्यापायी मान मोडून अभ्यास करते. तिला मुलांना शिकवायला आवडायचं. मीच सोडायला लावलं." मग एकदम सावरून म्हणाले, "हे आपल्याला कशाला सांगतोय मी. माफ करा."

"रजा घ्या तुम्ही," ती म्हणाली. "लागेल तेवढी घ्या."

त्यांनी मान लववून आभार मानले आणि बाहेर जाऊन झोपले. कितीतरी दिवसांनी ते इतके गाढ झोपले होते. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. संध्याकाळी तिने भावाला कळवलं, की बाबा इथेच राहतील आणि यंदा ती अर्ज भरणार नाही.  भाऊ म्हणाला, तू म्हणशील तसं.

पुढे ती आणखी एकदा परीक्षेला बसली, मुख्य परीक्षेपर्यंत गेली, तिथे अडली, आणि शाळेत परत शिकवायला लागली. पण हे सगळं बाबा गेल्यानंतरचं.

शेवटी शेवटी त्यांना मॅडमही आठवत नव्हती. बोलणंच थांबलं होतं. ती दुपारी त्यांच्या उशाशी बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची. अभ्यासाची सवय होती, आणि आवाज ऐकला की त्यांचे हात शांत पडायचे. गेले त्या दुपारी ती कुठल्याशा धरणाची बातमी वाचत होती. बातमी लांबलचक होती. तिने ती शेवटपर्यंत वाचली, पान उलटलं, आणि मग वर पाहिलं.