पंचवीस मिनिटं जास्त

मी इन्व्हर्टर बोलतोय. दुकानातला नव्हे, एका लेकीने आईसाठी घरच्या टेबलावर जोडलेला.

आईची फुप्फुसं निकामी होत चालली होती. श्वासाला ऑक्सिजनचं यंत्र लागे. वीज गेली की माझ्याआधीचा इन्व्हर्टर ते बॅटरीवर चालवायचा, पण तीन तासांत बॅटरी संपवायचा. त्याच्या पोटातले स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करत, तेही विजेच्या पूर्ण दाबाखाली. दर वेळी थोडी वीज नुसती उष्णता होऊन वाया जाई.

लेक अशाच इन्व्हर्टरची दुरुस्ती करायची. तिने माझ्यात एक छोटी कॉइल आणि कपॅसिटर अशा बेताने बसवले, की स्विचवरचा दाब आपोआप शून्यावर उतरतो आणि नेमक्या त्या क्षणी स्विच चालू होतो. धसका नाही, धग नाही. सहा आठवडे खपली ती. त्याच बॅटरीवर पंचवीस मिनिटं जास्त मिळाली.

आईने माझ्यावर हात ठेवून पाहिला. "याला ताप नाही गं," ती म्हणाली, "घरात एक तरी धडधाकट निघाला."

एका दुपारी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. लेकीने लगेच ऑक्सिजनचा सिलिंडर मागवला.

"निघालाय, ताई, रस्त्यातच आहे," फोनवरचा माणूस दर वेळी हेच सांगे.

तीन तास उलटले. जुना इन्व्हर्टर इथे थांबला असता; मी चालू होतो. लेकीची नजर माझ्या आकड्यांवरून हलेना.

"त्याच्याकडे काय बघतेस? माझ्याकडे बघ," आई धापा टाकत म्हणाली. "वेणी घाल माझी. केसांचा पार गुंता झालाय."

लेक तिच्या मागे जाऊन बसली. दोनदा सोडून तिने वेणी पुन्हा घातली. आईने ती पुढे घेऊन चाचपली, मान हलवली. थोड्याच वेळात माझा दिवा विझला.

सिलिंडर आला, तेव्हा तो उघडायची गरज उरली नव्हती.

त्यानंतर लेकीने मला चारदा उघडलंय. "कुठेतरी वीज खात असणार हा," ती पुटपुटते, एकेक सांधा तपासते. माझ्यात दोष निघाला असता, तर तिला रागवायला कुणीतरी मिळालं असतं. तो निघत नाही. बॅटरीत होतं तेवढं सगळं मी दिलं.

बाई गं, ज्याच्या घरी असं ऑक्सिजनचं यंत्र घरघरतंय, त्याला मला देऊन टाक. आणि तो स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेव. तुझं काही चुकलं नव्हतं.